पडीक आणि बुडीत

फुटबॉलच्या शौकिनाच्या वाट्याला एक दुःख असे येते की त्याचे नावसुद्धा मराठीत अजून धड ठरलेले नाही. इंग्रजीत त्याला 'रेलिगेशन' म्हणतात. आपली वर्तमानपत्रे कधी 'पदावनती' लिहितात, कधी 'खालच्या श्रेणीत घसरण'. पदावनती म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे कचेरीतला एखादा हिरमुसलेला अव्वल कारकून उभा राहतो. घसरण म्हटले की ताम्हिणी घाटातली पावसाळ्यातली शेवाळलेली पायवाट. मला विचाराल तर 'पायउतार' हा शब्द बरा. घोड्यावरून उतरलेला माणूस पायी का होईना, पण पुढे चालू शकतो, एवढे तरी त्या शब्दात येते.

ज्या घरात फुटबॉलचे सोयरसुतक नाही तिथल्या मंडळींसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. जुन्या घरातल्या माजघरात मडक्यांची उतरंड असे, ती आठवा. लीग नावाची स्पर्धा ही तशीच संघांची उतरंड असते. वर पहिला विभाग, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. विभागातला प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी एकदा आपल्या गावी आणि एकदा त्याच्या गावी खेळतो. वर्षअखेर गुणांची बेरीज होते. तळाला राहिलेले खालच्या विभागात उतरतात आणि खाली पहिले आलेले त्यांच्या जागी चढतात. एवढाच नियम, पण त्याच्यामुळे शेवटून दुसरे कोण आणि शेवटचे कोण याची लढाई कित्येकदा पहिल्या नंबराच्या लढाईपेक्षा जीवघेणी होते. पहिला नंबर हुकला तर माणूस हळहळतो. तळाचा नंबर आला तर त्याला दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात तोंड दाखवावेसे वाटत नाही.

नियम मूळचा इंग्रजांच्या देशातला. तिकडे १८८८ साली १२ संघांची लीग सुरू झाली आणि १८९२ साली तिला दुसरा विभाग जोडला गेला. आरंभी तळाचा संघ आपोआप खाली जात नसे. वरचे तळातले आणि खालचे पहिले यांच्यात कसोटीचे सामने होत. १८९४ साली अशाच एका सामन्यात न्यूटन हीथ नावाचा संघ लिव्हरपूलकडून हरला आणि खाली गेला. पुढे याच न्यूटन हीथने मँचेस्टर युनायटेड हे नाव घेतले, जे आज आमच्या पौडच्या बाजारातल्या बनियनवरसुद्धा छापलेले दिसते. या कसोटीच्या सामन्यांचा शेवट मोठा मौजेचा झाला. १८९८ साली स्टोक आणि बर्नली यांची शेवटची गाठ अशी पडली की बरोबरी झाली तर दोघांचेही भागणार होते. दोन्ही संघ मैदानात उतरले आणि गोल करण्याचा पापी विचार कुणाच्याही मनाला शिवला नाही. शून्य-शून्य! कंटाळलेल्या प्रेक्षकांनी स्टँडात आलेला चेंडू परत देण्याचेच नाकारले, असे सांगतात. त्या तमाशानंतर कसोटीचे सामने बंद झाले आणि तळाच्या संघाने मुकाट्याने खाली जावे असा रिवाज पडला.

या नियमाला थोरामोठ्यांची भीड नाही. मँचेस्टर सिटी १९३७ साली इंग्लंडचा विजेता होता. १९३८ साली तोच पायउतार झाला, आणि तोही त्या वर्षी विभागात सर्वांत जास्त म्हणजे ८० गोल करून. आपल्याकडे गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सने हुबेहूब तोच पराक्रम केला. २०१३ साली ते आय-लीगचे विजेते होते. २०१४ च्या जानेवारीत त्यांनी फेडरेशन चषकही जिंकला, आणि त्याच मोसमाच्या अखेरीस ते लीगच्या तळाला जाऊन पायउतार झाले. एकाच वर्षात लग्न आणि दिवाळे!

पण मला या गोष्टी सांगायच्या त्या निराळ्याच कारणासाठी. १९७४ साली मँचेस्टर युनायटेडवर पुन्हा ती पाळी आली. त्यानंतरचे एक वर्ष तो संघ दुसऱ्या विभागात खेळला, आणि त्या वर्षी साऱ्या इंग्लंडात सामन्यागणिक सर्वांत जास्त प्रेक्षक जमले ते या दुसऱ्या विभागातल्या संघाच्या मैदानावर. पहिल्या विभागातले सगळे थोर संघ त्या हिशेबात मागे पडले. खाली गेलेल्या संघामागे लोक असे का जातात, याचे उत्तर मला पुष्कळ वर्षे देता आले नसते. ते सुचले बालेवाडीला.

आमच्या मुळशी तालुक्याची हद्द हिंजवडीकडे पुण्याला भिडते, आणि तिथून बालेवाडी काही लांब नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी तिथे श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. पुणे एफ.सी. हा संघ २००७ साली स्थापन झाला, २००९ साली आय-लीगमध्ये चढला आणि बालेवाडी हे त्याचे घर झाले. मी तेव्हा नुकता तिशीला आलो होतो. आमच्याकडे मूळ नाद कुस्तीचा. फुटबॉल पाहायला जातो म्हटल्यावर घरच्यांनी मला थोडे संशयानेच पाहिले. पण पौडहून गाडी धरायची, चांदणी चौकात उतरून दुसरी पकडायची आणि सामना सुरू व्हायच्या आत धापा टाकीत बाकावर बसायचे, हा माझा क्रम होऊन बसला. बाके पुष्कळशी रिकामी असत. त्यामुळे नेहमीची माणसे एकमेकांना चेहऱ्याने ओळखत. एक आजोबा नातवाला घेऊन येत आणि सामनाभर त्याला शेंगा सोलून देत. एक कंपनीतला तरुण गोल झाला की शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारी. ती दोनदा माझ्या वाट्याला आली.

संघही गुणी होता. आय-लीगच्या पहिल्याच मोसमात तो तिसरा आला. २०१३ साली, चर्चिल ब्रदर्स विजेते ठरले त्या मोसमात, दुसरा. पुण्याचा संघ अखिल भारतात दुसरा! मी वर्गात इतिहासाच्या तासाला ही बातमी सांगितली होती आणि मुलांनी टाळ्या वाजविल्या होत्या. पानिपतावरून मध्येच बालेवाडीवर उडी कशी मारली हे आता आठवत नाही.

मग २०१४ साली एकदम सुगी आली. इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि तिच्यात एफ.सी. पुणे सिटी हा नवा संघ उतरला. त्याच वर्षाच्या शेवटी आय-लीगसाठी भारत एफ.सी. हा आणखी एक पुण्याचा संघ निघाला. एका मैदानावर तीन संघ! आम्हा नेहमीच्या माणसांची कुणाच्या नावाने ओरडावे अशी पंचाईत होऊन बसली.

इथून पुढचा इतिहास जरा सावकाश वाचावा, कारण तो उलटासुलटा आहे.

२०१५ साली आय-लीगच्या तळाला भारत एफ.सी. राहिला. नियमाप्रमाणे त्याने खाली जायचे. पण नव्याने थेट प्रवेश घेतलेल्या संघाला सुरुवातीच्या काळात पायउतार करायचे नाही असे अभय मिळाले होते. तेव्हा त्याच्या वरचा संघ खाली गेला. तो कोणता? गोव्याचा डेंपो! २००५ पासून २०१२ पर्यंत पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला, आर्मांदो कुलासो यांनी घडवलेला, महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स यांचा डेंपो. भारतात त्या काळी त्याच्याइतकी विजेतेपदे दुसऱ्या कुठल्या संघाकडे नव्हती. आणि तो खाली गेला, तेव्हा त्याच्याही खाली पुण्याचा एक संघ सुखाने बसलेला होता.

आमच्या शाळांत त्या काळी आठवीपर्यंत कुणाला नापास करायचे नाही असा कायदा होता. त्याच्या बऱ्यावाईटात मी शिरत नाही. पण पहिल्या बाकावरचा मुलगा घरी पाठवावा आणि शेवटच्याला वर चढवावे, असे त्या कायद्यातही नव्हते.

दुसऱ्या वर्षी, २०१६ साली, पुन्हा तेच. या वेळी पुण्याचा डी.एस.के. शिवाजीयन्स तळाला राहिला. त्यालाही तेच अभय होते. आणि त्याच्या वरचा मिझोरमचा ऐझॉल एफ.सी. पायउतार झाला. लागोपाठ दोन वर्षे पुण्याचा संघ तळाला राहिला आणि त्याची शिक्षा दुसऱ्याने भोगली.

आता या अभयाचे फळ पाहा. भारत एफ.सी. त्याच २०१५ साली बंद झाला. त्याच वर्षी पुणे एफ.सी.चाही मोठा संघ मोडला, दोन वर्षांपूर्वी देशात दुसरा आलेला संघ. शिवाजीयन्सने २०१७ साली राष्ट्रीय स्पर्धा सोडली. उरला एफ.सी. पुणे सिटी. त्याची लीग अशी की तिने पहिली कित्येक वर्षे पायउतार हा प्रकार ठेवलाच नाही, म्हणजे तिथे भीतीच नाही. २०१८ साली तो उपान्त्य फेरीत गेला. २०१९ साली तोही गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाला मिळाली. त्या हैदराबादने २०२२ साली ती स्पर्धा जिंकली आणि २०२५ साली तो संघ दिल्लीकर झाला. २००७ ते २०१९ या बारा वर्षांत पुण्याने राष्ट्रीय पातळीवर चार संघ पाहिले. त्यांतला एकही कधी पायउतार झाला नाही, आणि त्यांतला एकही तिथे शिल्लक नाही.

मुंबईची गोष्ट याच वेळची आणि आणखी विलक्षण आहे. मुंबई एफ.सी. हाही २००७ चाच. कूपरेजची दुरुस्ती चालू असताना तो बालेवाडीलाच येऊन खेळे, म्हणून तोही आमच्या ओळखीचा. २००९ पासून सात वर्षे त्याचे प्रशिक्षक होते खालिद जमील. पैसा बेताचा, खेळाडू बेताचे, आणि दरवर्षी हे गृहस्थ संघाला तळाच्या काठावरून अलगद वर ठेवीत. त्यांचा खेळ रुक्ष आहे अशी टीका होई. २०१६ साली ते संघातून गेले. तिकडे ऐझॉलचे नशीब फिरले: गोव्याच्या तीन संघांनी माघार घेतल्यामुळे जागा रिकाम्या झाल्या आणि पायउतार झालेल्या ऐझॉलला परत वर घेण्यात आले. त्यांनी प्रशिक्षक म्हणून जमील यांना बोलावले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला एक-एक अशी बरोबरी साधून ऐझॉलने आय-लीग जिंकली, मोहन बागानपेक्षा एका गुणाने. ईशान्येकडचा पहिला विजेता. त्याच मोसमात तळाला कोण राहिले असेल? मुंबई एफ.सी.! तो पायउतार झाला आणि राष्ट्रीय स्पर्धेत पुन्हा दिसला नाही. जमील यांची २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली, तेव्हा मला ते कूपरेजचे काठावरचे रखवालदारच आठवले.

आपल्याकडे असे का होते, याचे उत्तर इतिहासात शोधायला फार खोल जावे लागत नाही. आपले बहुतेक मोठे संघ कंपन्यांच्या पदराखाली वाढले. मुंबईत तर ही परंपराच होती. टाटा, माफतलाल, ओर्के मिल यांचे संघ जुन्या शौकिनांना आठवत असतील. १९५८ साली कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघाने रोव्हर्स चषक जिंकला होता. त्या कंपन्यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, चुली पेटत्या ठेवल्या, हे उपकार कमी नव्हेत. पण खेळ हा तिथे कारभाराचा एक भाग होता, आणि कारभारात खर्चाचा आढावा घेणारा कुणीतरी असतोच. महिंद्र युनायटेड १९६२ चा. २००६ साली तो देशाचा विजेता झाला आणि २०१० साली बंद झाला. पंजाबातल्या फगवाड्याचा जे.सी.टी. हा १९९७ साली पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता. २०११ साली तो पायउतार झाला आणि त्याच वर्षी मोडला. खालच्या विभागात एक वर्ष काढून पाहू, असे कुणाला वाटले नाही.

याच्या उलट कोल्हापूर पाहावे. तिथे फुटबॉल तालमींचा. मंगळवार पेठेतली पाटाकडील, शिवाजी पेठेतली खंडोबा, मग बालगोपाल, दिलबहार. शाहू स्टेडियमवर सामना असला की दोन पेठांतल्या सोयऱ्यांमध्ये बोलाचाली बंद होते. एखादा मोसम वाईट गेला म्हणून तालीम बंद करावी, असे तिथे म्हणून तर पाहा! तालमीला मालक नाही. तिला पेठ आहे. संघ हरला तर मारुतीला नारळ फोडून दुसऱ्या वर्षी पुन्हा उभा राहतो. आढावा घेतात तो पेठेतल्या म्हाताऱ्या बायका, आणि तो फार कडक असतो.

पायउतार झालेल्या संघाच्या माणसाला नेमके काय वाटते, हे मला गोव्यातल्या माझ्या एका स्नेह्यांकडून कळले. फोंड्याकडचे शिक्षक, डेंपोचे कट्टर भक्त. २०१५ साली डेंपो खाली गेला तेव्हा मी त्यांना फोन केला. आमच्या संघामुळे तुमचा गेला, असे काहीतरी ओशाळवाणे बोललो. ते म्हणाले, "गुरुजी, लाज वाटते हे खरे. भाचे चिडवतात. पण आता पुढच्या वर्षी कुठल्या कुठल्या गावच्या संघांशी खेळायचे, ते बसून पाहतो आहे. काहींची तर नावेसुद्धा मी ऐकली नव्हती." आवाजात दुःख होते, पण त्या दुःखाला वेळापत्रक होते. त्यानंतर काही महिन्यांतच पुणे एफ.सी. मोडल्याची बातमी आली. या वेळी फोन त्यांचा आला. बराच वेळ दोघेही इकडचे तिकडचे बोलत राहिलो. शेवटी ते हळूच म्हणाले, "आमचा खाली गेला हो. तुमचा नुसताच गेला."

आमच्या मुळशीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. एक पडीक आणि दुसरा बुडीत. १९२१ सालच्या रामनवमीला या पेट्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तीन वर्षे झगडा चालला, आणि अखेर धरण झालेच. मुळा-नीळेच्या संगमाकाठची भाताची खाचरे पाण्याखाली गेली. फुटबॉलच्या संघाशी त्या जमिनीची तुलना करणे पोरकटपणाचे होईल, हे मला कळते. पण शब्द तिथलेच कामी येतात. पडीक रानाकडे पाहून शेतकरी उसासा टाकतो आणि यंदा नाही तर पुढच्या मृगाला बघू म्हणतो. बांध जागेवर असतो, शेजारी जागेवर असतो, भांडणसुद्धा जागेवर असते. बुडिताकडे पाहून त्याला काही म्हणताच येत नाही. काठावर उभे राहून तो बोट दाखवितो, "तिथं, त्या उंबराच्या खाली," आणि दाखवावे तिथे नुसते पाणी असते.

बालेवाडीवरून जाताना मला हे जाणवते. मैदान आहे, बाके आहेत, रस्त्यापलीकडे तर केवढ्या इमारती उठल्या आहेत. ते शेंगा सोलणारे आजोबा आणि मिठी मारणारा तरुण कुठल्या गावचे, हे मी कधी विचारले नव्हते. विचारण्याची गरज नव्हती, कारण पुढच्या सामन्याला ते भेटणारच होते. संघ खाली गेला असता तर आम्ही त्याच बाकांवर बसून कुठल्या तरी अनोळखी संघाला नावे ठेवली असती, पंचाला शिव्या घातल्या असत्या, आणि वर चढायला किती गुण लागतात याचा हिशेब तिकिटाच्या पाठीवर मांडला असता. मँचेस्टरच्या त्या लोकांना १९७४ साली हेच मिळाले होते. २०२३ साली मुंबईचा केंकरे एफ.सी. आय-लीगमधून पायउतार झाला, तेव्हा बातमी वाचून मला त्याच्या शौकिनांचा हेवा वाटला. हे बोलून दाखविले असते तर त्यांनी मला मारले असते.

डेंपोचे पुढे सरळ झाले नाही. २०१६ साली त्याने दुसरा विभाग जिंकला, चढण्याचा हक्क मिळविला, आणि त्याच वर्षी साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांच्यासह राष्ट्रीय स्पर्धेतून माघार घेतली. वरची लीग एक, खालची दुसरी, आणि दोन्हींमध्ये शिडीच नाही, अशी व्यवस्था येत होती. ती त्यांना मान्य नव्हती. मग गोव्यातली स्पर्धा, स्थानिक मैदाने, तरुण मुले. माझे स्नेही तिथेही जात राहिले. मधल्या काळात ते सेवानिवृत्त झाले, गुडघा बदलून घेतला, आजोबा झाले. डेंपो पुन्हा खालच्या विभागातून खेळू लागला आणि २०२४ साली दुसरा येऊन आय-लीगमध्ये चढला. नऊ वर्षांनी.

त्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होतो. ते फारसे बोलले नाहीत. म्हणाले, "वर आलो, गुरुजी. मोसम सुरू झाला की एका सामन्याला या. पुण्याहून रात्रीची गाडी निघते, पहाटे मी उतरवून घेतो." मोसम सुरू झाला तो नोव्हेंबरच्या शेवटी. दिवाळीची सुटी संपून शाळा चालू झाली होती. मी रजेचा अर्ज लिहायला घेतला. कारणापुढची जागा कितीतरी वेळ कोरीच राहिली, आणि शेवटी तिथे 'घरगुती' असे लिहून मी सही केली.